भुकेला कोंडा

दुसऱ्यांच्या घरी सकाळी उठल्यावर माणसं एकमेकांना 'झोप लागली का?' असं विचारतात. फारच सुधारलेलं घर असलं तर 'गुड मॉर्निंग' म्हणतात. आमच्या घराण्यात मात्र गेल्या तीन पिढ्या सकाळचा प्रश्न एकच: "पोट साफ झालं का?"

हा प्रश्न माझे आजोबा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारीत. अण्णा मला विचारीत. अजूनही विचारतात. मी पुण्याला, ते साताऱ्याला. पण सकाळी सव्वासातला फोन वाजतो. पूर्वी ट्रंक कॉल लावून कोणी असला प्रश्न विचारला नसता. मोबाईल आल्यापासून त्याला काही धरबंध राहिलेला नाही.

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि तीन संडास. तीनपैकी एकाची कडी मोडलेली, म्हणजे अडीचच धरा. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आतल्या माणसाने जरा उशीर केला की बाहेरच्यांनी आळीपाळीने खाकरायचं, अशी पद्धत होती. त्या खाकरण्यात कोणाचं पोट साफ होणार? पण घरी आलं की अण्णांचा प्रश्न तयार असे. 'हो' म्हटलं तर चहा मिळे. 'नाही' म्हटलं तर रविवारी एरंडेल मिळे. ज्यांनी एरंडेल घेतलंय त्यांना मी 'हो' का म्हणत असे ते सांगायला नको, आणि ज्यांनी घेतलेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पुढे मी बी. कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो, खोट्या व्हाउचरवर सही केली तर नोकरी जाते हे शिकलो. पण ही एक खोटी नोंद मी वयाच्या सहाव्या वर्षापासून रोज सकाळी बिनदिक्कत पास करीत आलो. तिचं ऑडिट कोण करणार?

ते ऑडिट गेल्या वर्षी श्रावणात निघालं. वय चव्वेचाळीस. एके सकाळी रक्त दिसलं.

थोडंसंच होतं. मी पाणी ओतलं आणि बाहेर आलो. फोन वाजला. "झालं का पोट साफ?"

"हो."

पोटातली गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी कॅश काउंटरवर बसतो. दिवसाकाठी शंभर-सव्वाशे माणसांशी बोलतो. 'तुमची सही जुळत नाही' हे भल्याभल्यांना तोंडावर सांगतो. पण घरी बायकोला एक साधं वाक्य सांगायला माझी जीभ रेटेना. मूळव्याध असेल, म्हटलं. उष्णता असेल, म्हटलं. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. रक्त अधूनमधून दिसत राहिलं आणि मी 'हो' म्हणत राहिलो.

आमच्या हिला एवढंच दिसत होतं की हा माणूस पेपर घेऊन आत जातो आणि अग्रलेखासकट वाचून बाहेर येतो. तिने तिच्या परीने निदान केलं. एके दिवशी पिठाची चाळणी माळ्यावर गेली.

"आजपासून पीठ चाळायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, कोंडा गुरांना घालतात."

"मग? गुरांना कधी इसबगोल घेताना पाहिलंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने वर आणखी वाण्याकडून कोंड्याचं एक वेगळं पाकीटही आणलं. त्यावरची किंमत पाहून मला वाटलं, चुकून वजनाचा आकडा वाचला. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. किंमतच होती. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' असं म्हणत आपल्या वाडवडिलांनी गरिबीची शेवटची पायरी दाखवून दिली; त्या पायरीवर आता रंगीत पाकीट ठेवलेलं होतं. धोंडाही लवकरच येईल. पाठीच्या कण्याला चांगला म्हणून.

त्या दिवसांत मला रात्रीची झोप येत नसे. डॉक्टरकडे जायला हवं हे कळत होतं. पण मी डॉक्टरकडे न जाता इतिहासाकडे गेलो. इतिहास फी घेत नाही आणि टेबलावर डाव्या कुशीवर व्हायला सांगत नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणली, रात्री उशीखाली मोबाईल धरून वाचलं आणि माणसाच्या पोटाचा, म्हणजे खरं तर कोंड्याचा, सगळा इतिहास पालथा घातला. तो वाचून माझं असं मत झालं की गेली दोनशे वर्षं माणसाने कोंडा काढून टाकायला पैसे दिले आणि मग तोच परत आणायला पुन्हा पैसे दिले. बँकेच्या भाषेत, दोन्ही बाजूंनी सर्व्हिस चार्ज.

हजारो वर्षं जगात दळण जात्यावर होत होतं. दगडाखाली गहू सबंध भरडला जाई, आणि पांढरंशुभ्र पीठ हवं असेल तर ते चाळून चाळून काढावं लागे. म्हणून पांढरा पाव श्रीमंताचा आणि काळपट पाव गरिबाचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीत आणि मग अमेरिकेत, इंग्लंडमध्ये पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. रूळ गव्हाचं टरफल वेगळं काढीत, अंकुर वेगळा काढीत आणि मधला पांढरा पिठूळ भाग वेगळा. पांढरं पीठ स्वस्त झालं. गरिबालाही श्रीमंताचा पाव मिळू लागला आणि पावामागोमाग श्रीमंताचं बद्धकोष्ठही.

पण या गिरण्यांच्याही आधी एक माणूस ओरडत होता. सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचा अमेरिकेतला पाद्री. न चाळलेल्या पिठाचा पाव घरी भाजून खा, बाजारचा खाऊ नका, मांस सोडा, दारू सोडा, असा त्याचा उपदेश. पावामुळे पोटच नव्हे तर चारित्र्यही सुधारतं असं तो सांगे. चारित्र्याचं लोकांनी मनावर घेतलं नसतं, पण धंद्याचं घेतलं. १८३७ साली बॉस्टन शहरात त्याच्या व्याख्यानावर बेकरीवाले आणि खाटीक चालून गेले. तेव्हा ग्रॅहमच्या भक्तांनी वरच्या मजल्यावरून त्यांच्या अंगावर चुना ओतला. लोकांना चुना लावणारे पुढारी मी पुष्कळ पाहिले आहेत. पण तो असा खराखुरा, फावड्याने, आणि तोही कोंड्याच्या बाजूने लावलेला पहिल्यांदाच वाचला. स्वतः ग्रॅहम मात्र सत्तावन्नाव्या वर्षीच गेला. असल्या उपदेशकांनी शंभरी गाठावी अशी लोकांची अपेक्षा असते. ती पुरी न झाल्याने पंथ थोडा मंदावला.

त्यानंतर या इतिहासात जे पर्व येतं ते रात्री एकट्याने वाचू नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठमोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात असं आलं की मोठ्या आतड्यात साठलेला मळ हेच सर्व रोगांचं मूळ. तिथलं विष रक्तात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो. लंडनला सर आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन होते. हात विलक्षण कुशल. बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं मोठं आतडंच ते कापून काढीत! म्हणजे खात्यात गडबड आहे म्हणून ग्राहकाने तक्रार करावी आणि मॅनेजरने खातंच बंद करून टाकावं. काही खातेदारही त्यात दगावले. १९१३ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठा वाद झाला, आणि हळूहळू ही कापाकापी मागे पडली. गंमत अशी की याच लेनसाहेबांनी १९२५ साली एक आरोग्य संस्था काढली आणि उरलेलं आयुष्य लोकांना 'भाज्या खा, कोंड्याचा पाव खा' असं सांगण्यात घालवलं. सुरी खाली ठेवून माणूस भाजीकडे वळला, हे मला आवडलं. मात्र हा परिच्छेद वाचला त्या रात्री मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

पॅरिसला मेचनिकॉफ होते. १९०८ चं नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ. त्यांनाही मोठं आतडं म्हणजे निसर्गाने चुकून ठेवलेली अडगळीची खोली वाटे. पण त्यांचा उपाय सौम्य होता. आंबवलेलं दूध रोज घ्या, त्यातले जंतू आतड्यातल्या वाईट जंतूंना आवरतील. म्हणजे जेवणाच्या शेवटी वाटीभर ताक पिणारा आमचा वाडा हा अकरा बिऱ्हाडांचा मेचनिकॉफच होता. नोबेल मिळालं नाही, कारण अर्ज कोणी केला नाही.

अमेरिकेत बॅटल क्रीक गावी डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी तर पोट साफ करण्याची राजधानीच वसवली होती. १८७६ पासून पुढे अनेक दशकं ते तिथल्या आरोग्यधामाचे प्रमुख होते. कोंडा, सुका मेवा, भाज्या, व्यायाम आणि बस्ती. बस्तीसाठी वेगळी यंत्रं. दह्यावर त्यांचा इतका विश्वास की निम्मं दही रोग्याला तोंडाने द्यायचे आणि निम्मं दुसऱ्या बाजूने. पैसे भरायला दोन्ही खिडक्या उघड्या! चावायला सोपं धान्य हवं म्हणून दोघा भावांच्या खटपटीतून १८९४ साली गव्हाच्या पापुद्र्यांचा शोध लागला. पुढे धाकट्या भावाने मक्याचे पापुद्रे केले, त्यात साखर घातली, १९०६ साली कंपनी काढली आणि थोरला भाऊ संतापला. दोघे कोर्टात गेले. आपल्याकडे भाऊबंदकी जमिनीवरून होते, त्यांच्याकडे कॉर्नफ्लेक्सवरून झाली. आणि पोटासाठी काढलेल्या त्या कॉर्नफ्लेक्समध्ये चोथा जवळपास नसतो, कारण मक्याचं टरफल आणि अंकुर आधीच काढलेले असतात. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या मुलीला सांगा." मुलीने ऐकून घेतलं आणि वाटीत आणखी ओतून घेतलं.

आपल्या देशात या विषयावर सगळ्यांत मोकळं कोणी लिहिलं असेल तर ते महात्माजींनी. आपल्याला बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखत असे, अधूनमधून रेचक घ्यावं लागे, हे त्यांनी आत्मकथेत सरळ लिहून ठेवलं आहे. जोहान्सबर्गच्या घरी त्यांनी सात पौंडांना लोखंडी चाकाची चक्की विकत घेतली. चाक एकट्याला ओढवेना म्हणून त्यांनी, पोलक यांनी आणि मुलांनी मिळून पीठ दळलं. पुढे १९३४ साली वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा हातसडीचा तांदूळ आणि घरचं दळण हा कार्यक्रमच झाला, आणि १९४६ साली आमच्या पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. सबंध देशाचा व्याप मागे असलेला माणूस आपल्या पोटाची हकीकत छापून मोकळा होतो, आणि इकडे कॅश काउंटरवरचा एक क्लार्क स्वतःच्या बायकोपुढे गप्प बसतो. हे वाचताना ही शेजारीच झोपली होती. मी दिवा मालवला. बोललो मात्र नाही.

खरा नायक अजून पुढेच आहे. त्याच्या आधी एक उपनायक येतो. इंग्रजांच्या आरमारात क्लीव्ह नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, 'किंग जॉर्ज पंचम' या युद्धनौकेवर त्यांनी कोंड्याची पोती चढवली. बोटीवर ताजी भाजी नाही, पांढरा पाव खाऊन खलाशी कुंथताहेत. क्लीव्हसाहेबांनी त्यांना कोंडा चारून मोकळं केलं. लोक त्यांना 'कोंडेवाला' म्हणत. साखर आणि पांढरं पीठ यांनीच आधुनिक माणसाचे निम्मे रोग आणले, असं ते पुढे अनेक वर्षं लिहीत राहिले आणि डॉक्टर मंडळी त्यांना हसत राहिली.

न हसणारा माणूस म्हणजे डेनिस बर्किट. मूळचा आयर्लंडचा, लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला, युगांडात कंपालाच्या इस्पितळात सर्जन. लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचा छडा लावण्यासाठी १९६१ साली हा गृहस्थ दोन सोबत्यांना घेऊन, जुनी मोटार घेऊन, आफ्रिकेत दहा हजार मैल हिंडला. तो रोग आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. एवढी कीर्ती मिळाल्यावर माणसाने स्वस्थ बसावं. पण इंग्लंडला परतल्यावर १९६७ च्या सुमारास त्याची क्लीव्हशी गाठ पडली, आणि याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आपल्या आफ्रिकेतल्या खेडूत रोग्यांना अपेंडिक्स, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे का फारसं होत नसे? गोऱ्यांच्या इस्पितळांत तर यांचीच गर्दी. त्याने आफ्रिकेतल्या मिशन इस्पितळांना पत्रं पाठवून आकडे मागवले. आणि मग त्याने ते केलं जे मी जन्मात केलं नसतं. त्याने लोकांचा मल वजन करून पाहिला.

हसू नका. मीही आधी हसलो होतो. बर्किट आणि त्याचे सहकारी माणसांना क्ष-किरणात दिसणारे बारीक मणी गिळायला देत आणि ते किती तासांनी बाहेर पडतात ते मोजत. पिशव्या गोळा करायच्या, वजन करायचं, फोटो काढायचा, मणी मोजायचे, वहीत लिहायचं. १९७२ साली हे सगळं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं. बँकेतल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण हा सरळ सरळ क्लिअरिंगचा हिशेब आहे. युगांडाच्या खेडुताचा चेक दीड दिवसात वटत होता. ब्रिटिश खलाशाचा तीन दिवस उलटले तरी क्लिअरिंगमध्येच. आणि रक्कम पाहाल तर खेडुताची दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर, साहेबाची जेमतेम शंभर. ज्या देशाचा मल लहान त्या देशाची इस्पितळं मोठी, अशा अर्थाचं बर्किट भाषणांतून सांगे, आणि भरल्या सभागृहात, प्रतिष्ठित बायकापुरुषांसमोर, पडद्यावर मलाचे रंगीत फोटो दाखवी. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस, नाकासमोर चालणारा. पण या एका गोष्टीची त्याला लाज म्हणून नव्हती. मला वाटतं, त्याच्या शोधातला निम्मा भाग बुद्धीचा आणि निम्मा या न लाजण्याचा. आकडे जगात सगळीकडे पडलेले होते, रोज सकाळी. मोजायला वाकलं कोण?

बर्किटचं सगळंच खरं ठरलं असं नाही. त्याला वाटे, चोथा नुसता झाडू मारीत जातो. पुढे कळलं की आत जे अब्जावधी जंतू बसलेले आहेत, मेचनिकॉफ ज्यांना घाबरत होते, त्यांतल्या पुष्कळांचं जेवण म्हणजे हा चोथा. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार होतं, ज्यावर आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात. म्हणजे ज्याला आपण अडगळीची खोली म्हणत होतो तिथे भाडेकरू राहतात आणि ते आपल्याला वेळेवर भाडं देतात. फक्त त्यांचं रेशन बंद करायचं नाही. २०१५ साली काही शास्त्रज्ञांनी एक झकास प्रयोग छापला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे वीस कृष्णवर्णीय लोक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस, यांची ताटं दोन आठवडे बदलली. अमेरिकनांना दिवसाला पंचावन्न ग्रॅम चोथा, आफ्रिकनांना बर्गरछाप जेवण आणि फक्त बारा. पंधरवड्यात अमेरिकनांचं ब्युटिरेट अडीच पट झालं आणि बिचाऱ्या आफ्रिकनांचं निम्म्यावर आलं. आतड्याच्या अस्तराची लक्षणंही त्याप्रमाणे फिरली. दोन आठवडे! आमच्या बँकेत पत्ता बदलायला याहून जास्त लागतात.

हैदराबादच्या पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते मी पाहिले. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात चोथा अकरा ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत दहा, कणकेतही अकरा. मैद्यात आणि पॉलिशच्या तांदळात तीनच्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान पंचवीस ग्रॅम सांगते. मी माझा हिशेब केला. सकाळी चहा आणि खारी, दुपारी डब्यात दोन पोळ्या (पूर्वीच्या, चाळलेल्या), चार वाजता कँटीनचा वडापाव, रात्री भात. उधारी चांगलीच थकलेली होती. त्यावर उतारा म्हणून इसबगोल. आता इसबगोल म्हणजे तरी काय? एका बीचं टरफल. गुजरातेत उंझ्याला त्याचा मोठा बाजार आहे आणि सगळ्यात जास्त माल अमेरिकेला जातो. तिथे १९३४ पासून ते साहेबी नावाने डब्यातून विकलं जातं. ज्या देशाने गव्हाचा भुसा काढून टाकायला गिरण्या उभ्या केल्या तो देश आता भुसा आपल्याकडून नेतो. आमच्या परकीय चलन विभागातल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भुसा तर भुसा, डॉलर येतात ना?"

इथपर्यंत मी मजेत होतो. हिने पीठ चाळणं सोडलेलं, मटकीची उसळ आठवड्यातून तीनदा, रात्रीच्या भाताच्या जागी भाकरी. पोट खरोखरच बरं वाटू लागलं होतं. रक्त मात्र दिसतच होतं. मी मनाशी म्हणत होतो, कोंड्याला जरा वेळ द्यायला हवा.

आणि मग एका रात्री मला २००० सालचे दोन अमेरिकन प्रयोग सापडले. ज्यांच्या मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे पुढे ज्यांचा कर्करोग होऊ शकतो असे कोंब, एकदा काढलेले होते, अशा माणसांना काही वर्षं भरपूर चोथा खायला दिला. एका प्रयोगात तर रोज गव्हाचा कोंडाच. नवे कोंब यायचे तेवढे आलेच. कोंडा खाणाऱ्यांना आणि न खाणाऱ्यांना सारखेच. त्यानंतर तीन वर्षांनी, २००३ साली, युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाख माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मात्र चोथा जास्त खाणाऱ्यांना हा कर्करोग बराच कमी दिसला. दोन्ही खरं. मी दोन्ही कागद समोर ठेवून जुळवणी करीत बसलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कोंडा हा विम्याचा हप्ता आहे. तो वर्षानुवर्षं भरायचा असतो. आग लागल्यावर दारात बंब बोलवायचा सोडून मी हप्ते भरत बसलो होतो.

रात्रीचे दोन वाजले होते. मी दिवा लावला.

"अगं, जागी आहेस का?"

"आता आहे."

मी सांगितलं. एका वाक्यात झालं. तीन महिने जे वाक्य घशात अडकलं होतं ते तीन सेकंदांत बाहेर पडलं. ती उठून बसली. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला वाटतच होतं काहीतरी आहे. हल्ली तुम्ही अण्णांना 'हो' फार पटकन म्हणता."

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांपुढे बसलो. "किती दिवस?" म्हणाले. "तीन महिने," म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी कॅशमध्ये पाचशेची नोट कमी भरली तेव्हाही कोणी असं पाहिलं नव्हतं. कोलोनोस्कोपी ठरली. म्हणजे दुर्बीण आत घालून मोठं आतडं सबंध पाहायचं.

आता नशिबाची थट्टा पाहा. तपासणीआधी तीन दिवस काय खायचं त्याचा छापील कागद मिळाला. भाकरी नाही, उसळ नाही, पालेभाजी नाही, फळांच्या साली नाहीत. पांढरा भात, पांढरा पाव, मैद्याचं बिस्कीट! बी आणि टरफल पोटात राहिलं की दुर्बिणीला दिसत नाही म्हणून. ग्रॅहमपासून बर्किटपर्यंत सगळ्यांनी ज्याच्याविरुद्ध जन्म घालवले ते जेवण मी डॉक्टरी चिठ्ठीवर खाल्लं. आणि आदल्या संध्याकाळी पाण्यात कालवलेलं एक औषध, ग्लासामागून ग्लास. त्याच्यापुढे एरंडेल म्हणजे पन्हं.

सकाळी सव्वासातला फोन वाजला.

"पोट साफ झालं का?"

"अण्णा," मी म्हटलं, "इतकं साफ उभ्या जन्मात झालं नव्हतं." आणि मग त्यांनाही सांगून टाकलं.

दोन पॉलिप निघाले. लहानच, तिथल्या तिथे काढले. रिपोर्टमध्ये वाईट काही नाही. आणखी दोन-चार वर्षं असेच राहिले असते तर काय झालं असतं ते सर्जनने मी विचारूनही सांगितलं नाही. तीन वर्षांनी पुन्हा यायला सांगितलं. रक्त थांबलं. कोंडा चालू आहे. हप्ता तो हप्ता.

रिपोर्ट आला त्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. त्यांची ही वेळ नव्हे. बराच वेळ ते पावसाबद्दल बोलले, मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याबद्दल. मग थांबले.

"तुला दिसलं तसं," ते म्हणाले, "मलाही दिसतं अधूनमधून. गेल्या दिवाळीपासून."

"आणि तुम्ही मला रोज सकाळी विचारता!"

"मला कुठे कोण विचारतं?"

हे खरं होतं. आजोबा गेल्यापासून त्यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना पुण्याला घेऊन आलो. वय शहात्तर. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेला माणूस. त्यांना मी तोच छापील कागद वाचून दाखवला. पांढरा पाव आणि मैद्याचं बिस्कीट ऐकून त्यांचे डोळे चमकले. "डॉक्टरांनीच लिहिलंय ना?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली; चहाबरोबर बिस्कीट घेताना कोणी पाहिलं तर दाखवायला.

तपासणीच्या दिवशी सकाळी सव्वासातला मी त्यांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "पोट साफ झालं का?" त्यांनी मान डोलावली. तासाभराने आम्ही इस्पितळात नंबर लागायची वाट पाहत बसलो होतो. मी फॉर्म भरून परत येतो तो काय, अण्णा शेजारच्या बाकावरच्या एका घाबरलेल्या तरुण मुलाकडे वाकून अगदी आपुलकीने काहीतरी विचारीत होते. काय विचारीत होते ते ऐकायला जवळ जायची मला गरज नव्हती.